पाण्याखालचे दिवे बसवण्याआधी ट्रान्समची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 30 फुटी फायबरची खासगी बोट, गोव्यातल्या मांडवी नदीत ब्रिटोनाच्या बाजूला पावसाळा सोडून कायम पाण्यातच नांगरलेली. मागे दोन आउटबोर्ड इंजिनं, ट्रान्सममध्ये (इंजिनं लटकतात त्या मागच्या उभ्या भिंतीत) प्लायवूड, बॅटऱ्या पुढे कन्सोलखाली (सुकाणूच्या खोक्याखाली), सगळं 12 व्होल्टवर. ट्रान्समला पाण्याखाली प्रत्येकी 40 वॉटचे चार एलईडी दिवे लावायचे आहेत. मिस्त्री म्हणतो, भोकं पाडू, सिलिकॉन भरू, स्क्रू मारू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तर त्याआधी हलची, म्हणजे बोटीच्या कवचाची, तयारी काय करायची?

हे काम अर्ध्या दिवसात करू देऊ नका. दिवा बसवायला खरंच अर्धा तास लागतो. पण त्याआधी प्लायवूड कोरडं आहे याची खात्री करणं, भोकाच्या कडा एपॉक्सीनं बंद करणं आणि ते नीट सुकू देणं, याला सहज चार-पाच दिवस जातात, आणि सीलंट पक्का व्हायला वर आणखी आठवडा. दिवा बिघडला तर बदलता येतो. ट्रान्सममधलं प्लायवूड कुजलं तर दोन्ही इंजिनं ज्याच्या आधारावर लटकतात तो आधारच जातो, आणि ती दुरुस्ती म्हणजे इंजिनं उतरवून अख्खा ट्रान्सम कापून नवा बांधणं.

आधी दिव्याचा प्रकार ठरवा, कारण भोक किती मोठं पडणार ते त्यावर ठरतं. बाजारात ढोबळ मानानं दोन प्रकार मिळतात. एक, आरपार बसणारा: त्याचं नळकांडं हलमधून आत येतं, आतून नट कसतात, बिघाड झाला तर काही मॉडेलांत आतूनच एलईडी बदलता येतो. त्याला 50 ते 90 मिलिमीटरचं भोक लागतं. दुसरा, पृष्ठभागावर बसणारा: चपटा दिवा बाहेरून स्क्रूनं बसतो आणि आत फक्त वायर येते, म्हणजे 12-14 मिलिमीटरचं भोक पुरतं.

या दोन भोकांत किती फरक आहे, हे हिशोबानं पाहा. पाण्याच्या पातळीखाली 30 सेंटिमीटरवर 60 मिलिमीटरचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला सुमारे 250 लिटर पाणी आत येतं. त्याच खोलीवर 14 मिलिमीटरच्या भोकातून येतं 13-14 लिटर. तुमच्यासारख्या बोटीत तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा, साधारण तासाला 1100 गॅलनचा बिल्ज पंप असतो. त्याच्या खोक्यावरचा आकडा मिनिटाला 70 लिटरच्या आसपास जातो, आणि पाइप वर चढवून बाहेर काढला की प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणजे छोट्या भोकाची गळती पंप आरामात सांभाळतो आणि मोठ्या भोकापुढे तो हरतो. बोट रात्रंदिवस माणसाविना नांगरावर राहणार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: प्लायवूडच्या ट्रान्समवर पृष्ठभागावर बसणारेच दिवे घ्या.

आरपार बसणारे दिवे मुळात वाईट नाहीत. मोठ्या यॉटवर ते लावतात तेव्हा आतून भोकाभोवती बंदिस्त पेटी बांधतात आणि तिचा वरचा काठ पाण्याच्या पातळीच्या वर ठेवतात. काच फुटली तरी पाणी त्या पेटीतच अडतं. तुमच्या ट्रान्समच्या आत अशी पेटी बांधायला आणि तिथवर हात घालायला जागाच नाही.

आणि चारऐवजी दोनच लावा, असं मी सुचवीन. 30 फुटी बोटीचा ट्रान्सम जेमतेम अडीच-तीन मीटर रुंद असतो. त्यातला मधला भाग दोन इंजिनांनी व्यापलेला, कडेला ट्रिम टॅब (बोटीचा कल सावरणाऱ्या हलत्या पट्ट्या) किंवा शिडी, आणि एका बाजूला इको साउंडरचा, म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्राचा, सेन्सर. चार दिवे घुसवायला गेलात तर त्यातले दोन प्रोपेलरच्या फेसातच येतील. फेसाळ पाण्यात उजेड तिथल्या तिथे विखुरतो, लांब जात नाही. मोकळ्या पाण्यातले दोन दिवे फेसातल्या चारांपेक्षा चांगले दिसतात.

जागा कुठे घ्यायची

बोट वर काढायच्या आधी, पाण्यात असतानाच एक खूण करा. टाक्या भरलेल्या, नेहमीची माणसं बोटीवर, शांत भरतीचं पाणी, आणि ट्रान्समवर पाणी नेमकं कुठे येतं तिथे पेन्सिलीनं रेघ. रंगाची जुनी पट्टी किंवा शेवाळाची कड यांच्यावर विसंबू नका. त्या बोट रिकामी असतानाच्या असतात, आणि आधीच्या मालकानं इंजिनं जड घेतली असतील तर अगदीच निरुपयोगी. या रेघेखाली 20 ते 30 सेंटिमीटर ही साधारण योग्य खोली. फार वर घेतला तर हलत्या पाण्यात दिवा अधूनमधून उघडा पडतो. हे एलईडी भोवतालच्या पाण्यानंच थंड राहतात, त्यामुळे हवेत जास्त वेळ चालले की एकतर आपोआप मंद होतात किंवा लवकर मरतात. फार खाली घेतला तर मांडवीच्या गढूळ पाण्यात उजेड वर पोचतच नाही.

बोट वर आली की इंजिनं पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून आणि वर-खाली करून पाहा. ब्रॅकेट, हायड्रॉलिक नळ्या, प्रोपेलर यांच्या वाटेत काहीच येता कामा नये. इको साउंडरच्या सेन्सरपासून हातभर लांब राहा. ट्रिम टॅब असतील तर ते पूर्ण खाली आले की दिव्याचा उजेड अडवतात का, तेही बघा.

मग बाहेरचं मोजमाप आत नेऊन पडताळा. ही पायरी लोक सर्रास गाळतात. नेमक्या त्या ठिकाणी आतून काय आहे? स्ट्रिंगरचं (हलच्या आतल्या लांब आधाराच्या पट्टीचं) टोक, डिझेल-पेट्रोलची टाकी, बिल्ज पंपाची नळी, की फोम भरलेली बंद पोकळी? वायर आत आल्यावर तिथे हात जायला हवा आणि टॉर्चनं ती जागा दिसायला हवी. ज्या जागेची गळती डोळ्यांना दिसणार नाही, तिथे पाण्याखाली भोक पाडायचं नाही, हा माझा नियम आहे आणि त्याला मी अपवाद करत नाही.

प्लायवूड कोरडं आहे का

बाकी सगळ्या तयारीपेक्षा हे मोठं. फायबरची बोट म्हणजे सगळं फायबर, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण आउटबोर्ड बोटीच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं, इंजिनाचा भार पेलायला. चांगल्या बांधणीत ते आयएस 710 दर्जाचं मरीन प्लायवूड असतं. त्याचा गोंद पाण्यानं सुटत नाही, पण लाकूड शेवटी लाकूडच. एका उघड्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की ते थरांच्या कडेनं पसरत जातं. बाहेरचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) चकचकीत आणि आतलं लाकूड काळं, ओलं, कुजकट वासाचं, अशा बोटी आपल्या किनाऱ्यावर भरपूर आहेत.

तपासायचं असं. प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीनं किंवा नाण्यानं अख्खा ट्रान्सम टकटक करत जा. भरीव जागी आवाज टणक येतो. थर सुटलेला असेल तिथे बसका, पोकळ. शंकेच्या जागा खडूनं घेरा. ओलावा मोजणारं मीटर मिळालं तर वापरा, पण त्यावर आंधळा विश्वास नको: तांब्याचा अँटीफाउलिंग रंग (हलवर शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो) असेल किंवा बोट कालच वर काढलेली असेल तर ते भलतेच आकडे दाखवतं. सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे आतल्या बाजूनं, ट्रान्समच्या तळाजवळ 5 मिलिमीटरचं छोटं भोक फक्त लाकडापर्यंत पाडणं. निघालेला भुसा हातात घेऊन बघा. फिकट, कुरकुरीत, लाकडाचा वास असलेला भुसा म्हणजे ठीक. गडद, चिकट, बोटांना ओल लागणारा भुसा म्हणजे दिव्यांचा विषय इथेच थांबवायचा आणि आधी ट्रान्समचं बघायचं.

त्याच फेरीत जुनी भोकं शोधा. इको साउंडर, शिडी, ट्रिम टॅब, कधीकाळी काढून टाकलेलं काहीतरी. पाणी बहुतेक वेळा इथूनच शिरतं, आणि नव्या दिव्यांचा त्यात काही दोष नसतो. प्रत्येक स्क्रू काढून बघा. भोक ओलं निघालं तर उघडं ठेवा, सुकू द्या, मग नवीन भोकांसोबत तेही एपॉक्सीनं बंद करा.

सुकण्यासाठी मोसम निवडावा लागतो. गोव्यात बहुतेक लोक बोटी पावसाळ्याआधी वर घेतात आणि काम जून-जुलैवर ढकलतात, कारण तेव्हा बोट रिकामीच असते. रंगरंगोटी, गादीकाम, इंजिनाची सर्व्हिस तेव्हा खुशाल करा. पण लाकडापर्यंत जाणारं एपॉक्सीचं काम जुलैच्या हवेत नको. ओलं प्लायवूड त्या हवेत सुकत नाही. शिवाय दमट हवेत एपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि त्याच्यावर पुढचा थर धरत नाही. एप्रिलमध्ये किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात बोट वर घ्या, किंवा मग ऑक्टोबरचा उकाडा लागू द्या. पाऊस लवकर आला आणि काम उघड्यावर असेल तर भोकांवर टेप मारून थांबा.

भोक कसं पाडायचं आणि कडा कशा बंद करायच्या

आधी अँटीफाउलिंग रंग काढा. दिव्याच्या बैठकीचा कागदी नमुना चिकटवून त्याच्या बाहेर 25 मिलिमीटरपर्यंत रंग जेलकोटपर्यंत घासून काढायचा. सीलंट रंगाला चिकटला आणि रंग जेलकोटवरून सुटला, तर सीलंटचा काहीच उपयोग नाही. घासताना पाणी वापरा, कोरडं घासू नका. त्या रंगातली तांब्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये, आणि अंगणात उडता कामा नये. मास्क चांगल्या दर्जाचा घ्या, कापडी नको.

आता भोक. मिस्त्री बाहेरून थेट 14 मिलिमीटरचं भोक आरपार पाडेल आणि त्यात वायर ओवेल. तसं केलं की प्लायवूडची कापलेली कड पाण्याखाली उघडी राहते आणि तिच्या संरक्षणाला फक्त सीलंट उरतो. त्याऐवजी असं करा. मध्याची खूण पक्की करून 3 मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक आरपार घ्या. मग आतल्या बाजूनं 30 मिलिमीटरचा होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावून आतला फायबरचा थर आणि प्लायवूड काढा, पण बाहेरचा फायबर थर शाबूत ठेवा. खोली आधी मोजून होल सॉवर टेपची खूण करून घेतली की बाहेर जाण्याची भीती उरत नाही. आता आत 30 मिलिमीटर रुंदीचा खळगा आहे आणि त्याच्या कडेला प्लायवूडचे थर दिसताहेत. टॉर्च मारून ते नीट बघा, ट्रान्सम कोरडा असल्याचा हा शेवटचा पुरावा आहे.

मग पातळ एपॉक्सी, त्याचा हार्डनर (कडक करणारा घटक) सोडून दुसरं काहीही न मिसळता, ब्रशनं त्या कडांना लावा. लाकूड ते पिऊन घेईल, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा हात द्या. तो चिकट असतानाच खळगा घट्ट केलेल्या एपॉक्सीनं भरायचा. घट्ट करायला कोलॉइडल सिलिका मिसळा, श्रीखंडासारखं होईपर्यंत, कारण भोक आडवं आहे आणि पातळ मिश्रण ओघळून जाईल. मार्गदर्शक भोकावर बाहेरून टेप चिकटवलेली असू द्या, आणि भरताना टोक कापलेली मोठी सिरिंज वापरा, म्हणजे तळाशी हवा अडकत नाही. खळगा खोल असेल तर दोन टप्प्यांत भरा. एकदम जाड भरलं तर एपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, फेसाळतं, कधी धूरही निघतो. आपल्याकडच्या उन्हात संथ हार्डनर घ्यावा आणि काम सकाळी लवकर करावं.

इथे दोन गोष्टी वापरू नका. पहिली, गाडीच्या पत्र्याला लावतात ती पॉलिस्टर पुट्टी. तिच्यात टाल्कची पूड असते, ती पाणी शोषते, आणि पाण्याखाली काही महिन्यांत भुसभुशीत होते. यार्डात ती कायम हाताशी असते म्हणून मिस्त्री नकळत तीच उचलतो; तुम्ही स्वतः डबा बघून घ्या. दुसरी, साधं पॉलिस्टर रेझिन. ते प्लायवूडला आणि जुन्या फायबरला एपॉक्सीसारखं घट्ट धरत नाही.

एपॉक्सी पूर्ण कडक झालं की वरचा मेणचट थर साध्या पाण्यानं आणि खरखरीत घासणीनं धुवा. घासकागद नंतर, आधी घासकागद मारला तर तो थर फक्त पसरतो. मग बाहेरून 14 मिलिमीटरचं अंतिम भोक घ्या. होल सॉ किंवा ड्रिल जेलकोटवर टेकवण्याआधी त्यावर मास्किंग टेप लावा आणि ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवून जेलकोटवर गोल चर पाडून घ्या. त्यानं जेलकोटच्या कपच्या उडत नाहीत. आता वायरच्या भोवती सगळीकडे 8 मिलिमीटर घट्ट एपॉक्सी आहे. उद्या सीलंट फाटला तरी पाणी आत बोटीत येईल, पंप ते फेकेल, पण लाकडाला ते शिवणार नाही.

स्क्रूच्या भोकांना हीच पद्धत छोट्या मापात. प्रत्येक जागी बाहेरून 8 ते 10 मिलिमीटरचं, आरपार न जाणारं भोक, एपॉक्सीनं भरायचं, कडक झालं की स्क्रूच्या मापाचं बारीक भोक त्यातच पाडायचं. वरच्या काठावर जेलकोट किंचित तिरका कोरा म्हणजे सीलंटला बसायला कडं मिळतं आणि स्क्रू कसताना जेलकोट तडकत नाही. मिस्त्री कंटाळतो तो इथेच, कारण दोन दिव्यांना मिळून अशी सहा-आठ भोकं होतात. पण लाकूड कुजतं ते मोठ्या भोकापेक्षा या बारीक भोकांमधूनच जास्त. या टप्प्याला बोटीपाशी हजर राहा. स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेसचेच. दुकानात 304 स्वस्त मिळतात. खाऱ्या पाण्याखाली, सीलंटच्या आत ऑक्सिजन न मिळणाऱ्या फटीत, ते आतून पोखरले जातात.

सीलंट

सिलिकॉन नको. बाथरूमच्या सिंकला ते ठीक आहे. पाण्याखाली त्याची जेलकोटवरची पकड टिकत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ते जिथे लागलं तिथे अदृश्य पापुद्रा मागे ठेवतं, ज्याच्यावर नंतर चांगला सीलंट, रंग, एपॉक्सी काहीच धरत नाही. पूर्वी कुणी तिथे सिलिकॉन लावलेलं असेल तर ते खरवडून, खास त्यासाठीच्या द्रावणानं काढून, मग घासकागद मारून जागा नवी करावी लागते.

पाण्याखालच्या कामाला मरीन दर्जाचं पॉलियुरेथेन घ्या, उदाहरणार्थ सिकाफ्लेक्स 291 किंवा 3एम 4200. 3एमचं 5200 त्याहून जबर धरतं, पण तो कायमचा जोड समजा: पुढे दिवा काढायची वेळ आली तर जेलकोट सोबत घेऊन निघतो. दिवे बदलावे लागतातच, म्हणून मी ते इथे वापरत नाही. त्याआधी दिव्यासोबतचा माहितीचा कागद वाचा. काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची भिंग असेल तर काही सीलंट आणि ॲसिटोन तिला तडे पाडतात, आणि अशा वेळी कंपनी कोणता सीलंट चालेल ते लिहिते.

जेलकोटची जागा बारीक घासकागदानं मंद करून ॲसिटोननं पुसा. एका फडक्यानं लावा आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या स्वच्छ फडक्यानं टिपा, नाहीतर तेलकटपणा जिथल्या तिथे राहतो. दिव्याला ॲसिटोन लावू नका. ओलं पॉलियुरेथेन पुसायला स्पिरिट किंवा अल्कोहोलही नको. त्यानं ते पक्कं व्हायचंच थांबतं. आधी दिवा कोरडाच लावून बघा, भोवती मास्किंग टेप मारा. मग बैठकीच्या मागच्या पूर्ण बाजूवर सीलंटचा थर, वायरच्या भोवती जाड कडं, प्रत्येक स्क्रूच्या भोकात थेंब. स्क्रू आळीपाळीनं हळूहळू कसा, चारही बाजूंनी सीलंट सारखा बाहेर आला की थांबा. जोर लावून सगळा सीलंट पिळून काढला तर मधे काही उरतच नाही. बाहेर आलेला भाग बोटानं गोलाकार फिरवून टेप लगेच काढा.

ट्यूबवर पूर्ण पक्कं व्हायचा जो काळ लिहिला असेल तेवढा थांबा. नेहमीच्या पॉलियुरेथेनला आठवडा धरा. क्रेनवाला उद्याच येतोय म्हणून घाई करायची नाही.

रंग पुन्हा लावताना बैठकीच्या काठापर्यंतच या, भिंगावर थेंबही नको. दिव्याचं आवरण ॲल्युमिनियमचं असेल तर त्याच्याभोवती तांब्याच्या रंगाशिवायचा दोन-तीन बोटांचा पट्टा सोडा, कारण खाऱ्या पाण्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. खरं तर आपल्या पाण्यात ॲल्युमिनियमचं आवरण घेऊच नका. कांस्य किंवा पॉलिमर घ्या. कांस्याचा दिवा बोटीच्या झिंकला (बाकीचा धातू खाल्ला जाऊ नये म्हणून लावलेल्या जस्ताच्या तुकड्याला) वायरनं जोडायचा की वेगळा ठेवायचा हे दिव्याप्रमाणे बदलतं. कंपनी सांगते तसंच करा, अंदाजानं नको.

वायर आणि बॅटरी

हा हलचा विषय नाही, पण वायर त्याच भोकातून येते म्हणून दोन शब्द. आत आल्यावर वायरला खाली झोल द्या आणि मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी जोडापर्यंत पोचत नाही. जोड बिल्जच्या पाण्याच्या कितीतरी वर, गोंद असलेल्या हीट-श्रिंकमध्ये (तापवलं की आवळणाऱ्या नळीत). वायर कल्हई केलेल्या तांब्याचीच, आणि फ्यूज बॅटरीच्या शेजारी.

जाडीचा हिशोब असा. चार दिवे म्हणजे 160 वॉट, 12 व्होल्टवर 13 ॲम्पिअरहून थोडं जास्त. कन्सोल ते ट्रान्सम 8 मीटर धरलं तर जाऊन-येऊन 16 मीटर. 4 स्क्वेअर एमएमच्या वायरीत यात जवळजवळ 1 व्होल्ट वाया जातो. 10 स्क्वेअर एमएम घेतली तरी 0.4 व्होल्ट. दोनच दिवे घेतले तर 6 स्क्वेअर एमएममध्ये काम भागतं. चार दिवे नांगरावर तीन तास चालले की बॅटरीतून 40 अँपिअर-अवर जातात. म्हणून इंजिन सुरू करायची बॅटरी यापासून वेगळी हवीच.

दिव्यांची वायर व्हीएचएफ रेडिओच्या अँटेना केबलपासून दूर न्या. एलईडीचे ड्रायव्हर रेडिओत गडबड करतात. अमेरिकी तटरक्षक दलानं 2018 मध्ये याबद्दल खास इशारा काढला होता. तपासणी सोपी आहे. दिवे बंद ठेवून रेडिओ शांत चॅनेलवर लावा, खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) ठेवा, आणि दिवे लावा. खरखर परत आली तर दिवे रेडिओ बिघडवताहेत. संकटात हाक मारायचं साधन दिव्यांपायी बहिरं होऊ देऊ नका.

रंग, कायदा आणि शेजारी

निळा दिवा फोटोत सुंदर दिसतो, पण तो फोटो स्वच्छ समुद्रातला असतो. नदीमुखाच्या पाण्यात गाळ आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर रंग असतो, तो निळा उजेड आधी गिळतो. मांडवीत हिरवा दिवा जास्त लांब पोचतो.

मात्र बोट चालू असताना दिवे बंद. आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांतला नियम 20 सांगतो की नेव्हिगेशन दिव्यांशी गल्लत होईल किंवा ते नीट दिसणार नाहीत असा कोणताही दुसरा दिवा लावायचा नाही. मांडवीत रात्री फेरीबोटी, बार्ज, क्रूझ बोटी सतत चालू असतात. मागे हिरवा झगमगाट घेऊन जाणारी छोटी बोट त्यांच्या तांडेलाला गोंधळात टाकते. स्विचवर तसं लिहूनच ठेवा. पाण्याखाली हलला नवं भोक पाडताय, तर नोंदणी असलेल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयात आधी विचारा आणि पुढच्या सर्व्हेत ते दाखवा. विम्याचा दावा करायची वेळ आली तर ते कागद लागतात.

आणि या दिव्यांवर मासे गोळा करून पकडू नका. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्र सरकारनं 2017 पासून बंदी घातली आहे, आणि महाराष्ट्रानं 2021 मध्ये कायदा बदलून दंड जबर केला. आपल्या पारंपरिक मच्छीमारांचा हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. मालवणपासून काणकोणपर्यंत या दिव्यांमुळे लोकांच्या जाळ्यात मासा उरेना. रात्री दिवे लावून नांगरलेल्या बोटीवर गळ दिसला तर लोक आणि गस्तीची बोट दोघंही जाब विचारतील, आणि ते योग्यच असेल. कासवांच्या मोसमात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मोरजी किंवा गालजीबाग किनाऱ्याजवळ नांगर टाकलात तर दिवे लावूच नका. पिल्लं उजेडाच्या दिशेनं भरकटतात.

पाण्यात उतरवताना

बोट पाण्यात टेकली की क्रेनचे पट्टे लगेच सोडायला देऊ नका. आत जाऊन दोन्ही वायरींखाली कोरडा टिश्यू पेपर दाबून ठेवा. फायबरवर पाण्याचा बारीक ओघळ दिसत नाही, कागदावर लगेच दिसतो. पंधरा मिनिटांनी बघा, मग पट्टे सोडा. संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि एकदा इंजिनं जोरात चालवून आल्यावर, कारण ट्रान्समवर खरा ताण तेव्हाच येतो. वायरच्या भोकाच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीनं जवळच बांधून ठेवा.

भिंगावर शेवाळ आणि बार्नॅकल (चिकटून बसणारे बारीक कवचाचे जीव) धरणारच, आपल्या उबदार पाण्यात पंधरा दिवसांतच सुरुवात होते. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, तारेची घासणी किंवा पत्र्याची पट्टी नको. कोवळे असताना ते हलक्या हातानं निघतात. महिनाभर राहिले की भिंगावर चुन्याचे गोल डाग सोडतात, आणि मग ते काढायला सौम्य आम्ल वापरायचं की नाही हे पुन्हा भिंग कशाची आहे यावर ठरतं.

खरेदीआधी एक माप घेऊन कळवा: इको साउंडरच्या एखाद्या जुन्या भोकातून तार घालून ट्रान्समची एकूण जाडी, आणि त्यात बाहेरचा फायबर थर किती मिलिमीटर आहे. तो 5 मिलिमीटरपेक्षा पातळ निघाला तर खळगा भरण्याआधी आतून फायबरच्या दोन चकत्या एपॉक्सीत भिजवून बसवाव्या लागतील, आणि त्यासाठी खळगा 30 ऐवजी 50 मिलिमीटरचा घ्यावा लागेल.